हलक्या खनिजाची फिरती भट्टी

पहिल्या महायुद्धानंतर लॉरेनचा खनिजसंपन्न मुलूख फ्रान्सच्या अंमलाखाली गेला आणि जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना स्वीडनच्या खनिजावर विसंबण्यावाचून गत्यंतर उरले नाही. साल्झगिटरच्या परिसरात घरचे साठे विपुल होते खरे, परंतु त्यांत लोहांश जेमतेम तीस टक्के आणि वाळूचा अंश इतका, की ते झोतभट्टीत घालावयाचे तर चुनखडी आणि कोक पुरविता पुरविता कारखानदाराचे दिवाळे निघावे.

या अडचणीतून माग्डेबर्गच्या क्रुप-ग्रुसन कारखान्यातील फ्रीडरिष योहान्सेन यांनी १९३० च्या सुमारास वाट काढली. जस्तासाठी त्या कारखान्याच्या परिचयाची असलेली फिरती भट्टी त्यांनी लोखंडाच्या कामी लावली. किंचित कलती, अग्निरोधक विटांनी मढविलेली ती लांबलचक नळी संथपणे फिरत असते. वरच्या तोंडाने खनिज व कोकचा चुरा शिरतो, खालच्या तोंडाने ज्वाला. अखेरच्या टप्प्यात, सुमारे १,२५० ते १,३५० अंश उष्णतेत, मळी गुळाच्या पाकासारखी चिकट होते, लोखंड मात्र पुरते वितळत नाही, आणि त्या चिकट मळीत लोळता लोळता लोहकण एकमेकांना बिलगून त्यांच्या गोळ्या वळल्या जातात. बाहेर पडलेला माल पाण्याने थंड करून दळला, की लोहचुंबक त्या गोळ्या वेचून घेतो. झोतभट्टीत जाचक ठरणारी वाळूच येथे मळीला हवा तो चिकटपणा देई. (लोखंड न वितळविता त्याचा गोळा काढण्याची युक्ती आपल्याकडील अगारिया या लोखंड गाळणाऱ्या जमातीच्या भात्यांनाही ठाऊक होती.) कोळशातील गंधक मात्र गोळ्यांत उतरे, म्हणून त्यांची रवानगी बहुधा पुन्हा झोतभट्टीतच होई. शिवाय भट्टीच्या आत मळी थिजून कडी धरीत, आणि ती फोडण्यासाठी काम बंद ठेवावे लागे.

१९३५ मध्ये एसेन-बोर्बेक येथे मोठा कारखाना उभा राहिला. पुढे जपानी अंमलाखालील कोरियात, चोंगजिन येथेही अशा भट्ट्या आल्या. नफ्यातोट्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या सावकाराने या धंद्यात क्वचितच हात घातला असता. परके खनिज उद्या बंद होईल या धास्तीने ग्रासलेल्या सरकारांनीच त्याला पोसले. दुसऱ्या महायुद्धानंतर दूरदेशींचे समृद्ध खनिज प्रचंड जहाजांतून स्वस्तात येऊ लागताच लोखंडापुरते या भट्टीचे प्रयोजन सरले.

निकेलची गोष्ट वेगळी, कारण त्याचे बरेचसे खनिज जात्याच हलके. जपानमधील ओएयामा येथे युद्धकाळात अशाच भट्टीला लागणारे डोंगरातील हलके निकेल-खनिज काढण्यासाठी युद्धकैद्यांना राबविण्यात आले. १९५२ मध्ये तेथील काम पुन्हा सुरू झाले, ते न्यू कॅलिडोनियाहून आणलेल्या खनिजावर, पण त्याच फिरत्या भट्टीच्या रीतीने.