पूर, घर आणि आरोग्य (कोल्हापूर)

पंचगंगा नदीकाठच्या घरांतून पुराचे पाणी ओसरते, आजारपण मात्र मागे राहते. या नदीवरील राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपुढे गेले, जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा चढले. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे पाण्याने वेढली गेली.

पाणी ओसरल्यावरही घरांच्या मातीच्या भिंती ओल धरतात. कोपऱ्यांत काळी बुरशी चढते, गाद्या आठवडाभर वाळत नाहीत आणि दमेकऱ्यांची धाप वाढते.

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून अतिसार व कावीळ, तर साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे डेंग्यू पसरू शकतो. त्यामुळे पूररेषेबाहेरचे, हवेशीर घर ही आरोग्याचीच गरज आहे. तोवर घरात परतणाऱ्यांनी गमबूट घालूनच चिखल काढावा आणि पाणी उकळून प्यावे.