रोजगार हमी आणि कंत्राटी बांधकाम : महाड-पोलादपूरच्या संदर्भात

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने हक्काचे स्वरूप दिले. कंत्राटदारास मज्जाव, मागेल त्या मजुरास नजीकचे काम आणि मोजमापानुसार मजुरी ही तिची सूत्रे होती. महाड-पोलादपूरमधील महामार्गाची कामे मात्र निविदेने कंत्राटदारांकडे गेली. २ ऑगस्ट २०१६ रोजी कोसळलेल्या सावित्रीवरील पुलाच्या जागी उभारलेला नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला, तोही याच पद्धतीने. कंत्राटदाराने मजुरी थकविल्यास ती देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने मूळ मालकावर टाकली होती. परंतु स्थानिकांना काम देण्याची अट त्यात नव्हती. अर्थात, सार्वजनिक बांधकामात मजुरीस कायद्याचे संरक्षण लाभले, स्थानिक रोजगारास नव्हे. रोजगारासाठी मुंबई गाठणाऱ्या या तालुक्यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो.