पुनर्भरणरोधक बाटली

पुनर्भरणरोधक बाटली : मूळ उत्पादकाने एकदा भरून बंद केल्यावर आतील द्रव ओतून घेता येतो, परंतु रिकाम्या झालेल्या बाटलीत दुसरा द्रव भरता येत नाही, अशा बेताने घडविलेली बाटली किंवा तिचे तोंड. नामांकित उत्पादकाच्या रिकाम्या बाटलीत हलका, भेसळीचा अथवा विषारी माल भरून तो अस्सल म्हणून विकण्याचा प्रकार जुना आहे. मद्ये, औषधे, अत्तरे, केशतेले आणि अलीकडच्या काळात पिण्याचे पाणी यांच्या व्यापारात तो विशेष आढळतो. या लबाडीत बाटली खरी असते, तीवरील चिठ्ठी खरी असते, काचेवरील उठावाची अक्षरेही खरीच असतात. खोटा असतो तो केवळ आतील माल. त्यामुळे बनावट वस्तू ओळखण्याच्या नेहमीच्या खुणा येथे ग्राहकाच्या उपयोगी पडत नाहीत, उलट त्या त्याला फसविण्याचेच साधन बनतात.

छेडछाडदर्शक टोपण आणि पुनर्भरणरोधक बाटली या दोहोंत भेद आहे. पहिल्या प्रकारात बाटली उघडली गेल्याची खूण राहते. पट्टी फाटते किंवा कडी तुटते. दुसऱ्या प्रकारात भरण्याची क्रियाच अशक्य करण्याचा प्रयत्न असतो. व्यवहारात दोन्ही उपाय एकाच टोपणात एकत्र केलेले असतात, तथापि त्यांमागील विचार निराळे आहेत. छेडछाडदर्शक टोपण ग्राहकाच्या दक्षतेवर अवलंबून असते. पुनर्भरणरोधक रचनेला ग्राहकाच्या दक्षतेची गरज नसावी, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा पुरी करणे कठीण का आहे, हे बाटलीतून द्रव कसा बाहेर येतो याचा विचार केल्यास ध्यानात येते. बाटली तिरपी केली म्हणजे जेवढा द्रव बाहेर पडतो, तेवढी हवा आत शिरावी लागते. अन्यथा आत अंशतः निर्वात निर्माण होऊन धार थांबते. म्हणजे बाटलीच्या मानेत बाहेरून आत जाणारी एक वाट ठेवणे भागच असते, आणि जी वाट हवेला मोकळी ती द्रवालाही थोडीबहुत मोकळी राहते. द्रवाला बाहेर सोडावयाचे, हवेला आत घ्यावयाचे, परंतु द्रवाला आत घ्यावयाचे नाही, ही तिहेरी अट एका स्वस्त, वजनाने हलक्या आणि रोज हजारोंच्या संख्येने बसविता येईल अशा भागाकडून पुरी करून घ्यावयाची असते.

भारतात हा प्रश्न ज्या परिस्थितीत उद्‌भवला तिचे स्वरूप वेगळे होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात येणाऱ्या युरोपीय मद्याच्या व औषधांच्या बाटल्या रिकाम्या झाल्यावरही किंमत राखून असत, कारण चांगल्या बाटल्या येथे बनत नसत. त्या गोळा करून धुऊन विकणारा एक मोठा व्यवसाय मुंबईत उभा राहिला. पारशी समाजातील ‘बाटलीवाला’, ‘सोडाबॉटलवाला’ यांसारखी आडनावे बाटल्यांच्या व सोड्याच्या धंद्याशी निगडित आहेत. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाच्या वतीने १९०८ मध्ये काच कारखाना निघाला आणि पुढे कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये आपला कारखाना सुरू केला, तरी रिकाम्या बाटलीचे मोल संपले नाही. बाटली पुन्हा भरणे हा येथील व्यापाराचा नित्याचा आणि बहुतांशी प्रामाणिक भाग होता.

सोडावॉटरची गोटीची बाटली हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हायरम कॉड या इंग्रज तंत्रज्ञाने १८७२ मध्ये तिचे एकस्व घेतले. बाटली उलटी धरून भरतात आणि सुलटी करताच आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी मानेतील रबरी कड्यावर घट्ट बसते. टोपण बाटलीतच राहत असल्यामुळे ती पुनःपुन्हा भरता येते. किंबहुना पुनर्भरण हाच तिचा हेतू. पुण्याच्या लष्कर भागातील अर्देशीर (१८८४) किंवा मुंबईतील ड्यूक अँड सन्स (१८८९) यांसारख्या पेयउत्पादकांचा धंदा बाटली परत येण्यावर चालत असे. बाटलीवर उठावाच्या अक्षरांत नाव घालण्याची प्रथा बाटली दुसऱ्याने भरू नये आणि ती मालकाकडे परत यावी या दुहेरी हेतूने रूढ झाली. ज्या बाटलीचे पुनर्भरण मालकाला हवे असते आणि इतरांना मात्र करू द्यावयाचे नसते, तिला यांत्रिक अटकाव घालता येत नाही. तेथे आधार कायद्याचाच घ्यावा लागतो. भारतात मालावरील खोट्या खुणांविरुद्ध १८८९ मध्ये कायदा झाला. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमात तर दुसऱ्याचे चिन्ह असलेल्या वेष्टनात त्याचा अस्सल माल नसलेला कोणताही माल भरणे, हे चिन्हाचा खोटा वापर करण्यासारखेच मानले आहे. असे असूनही दुसऱ्याच्या नावाची अक्षरे असलेल्या जुन्या बाटल्या वापरण्यावरून बिअर उत्पादकांतील तंटे २०१० नंतरच्या दशकातही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

यांत्रिक उपायांचा खरा शोध अमेरिकेत झाला. एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक आणि पहिले महायुद्ध यांच्या दरम्यान अशा बाटल्यांसाठी तेथे शेकडो एकस्वे घेतली गेली. त्यांतील बहुसंख्य रचना एकाच कल्पनेची रूपे आहेत. मानेत एक आसन असते व त्यावर काचेची किंवा धातूची गोळी अथवा झडप असते. बाटली उभी असता गोळी वजनाने आसनावर बसून वाट बंद करते. तिरपी करताच ती बाजूला घरंगळते आणि द्रव बाहेर येतो. उभ्या बाटलीत वरून द्रव ओतला तर गोळी आणखीच घट्ट बसते. यावर लबाडी करणाऱ्यांनी काढलेले उपायही तितकेच सोपे होते. बाटली आडवी करून द्रवात बुडवून ठेवणे, आतील हवा शोषून घेऊन मग द्रव आत ओढू देणे किंवा बारीक तार घालून गोळी उचलून धरणे, यांपैकी एखादा मार्ग बहुधा लागू पडे. तारेला अडविण्यासाठी गोळीच्या वर वाकडीतिकडी वाट असलेला अडसर बसविण्यात आला. आडव्या बाटलीसाठी दुसरी गोळी आली. प्रत्येक सुधारणेबरोबर किंमत वाढली, धार अडखळू लागली आणि सुट्या भागांत घाण साचू लागली. त्यामुळे यांतील बहुतेक एकस्वे कागदावरच राहिली, यात नवल नाही.

याच काळात बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये दातेरी पत्र्याच्या टोपणाचे एकस्व मिळविले. एकदा वापरून फेकून देण्याचे हे टोपण. पेंटर यांच्या कंपनीत विक्रेता असलेल्या किंग जिलेट यांना फेकून देण्याच्या वस्त्र्याच्या पात्याची कल्पना याच सहवासातून सुचली, असे सांगतात. टोपण एकदाच वापरावयाचे असले तरी नवे टोपण कोणालाही स्वस्तात मिळते, म्हणून पुनर्भरण रोखण्याच्या दृष्टीने त्याचा लाभ झाला नाही.

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यानंतर तेथील शासनाने निराळा मार्ग पत्करला. १९३५ पासून १९६४ पर्यंत मद्याच्या बाटल्यांच्या काचेवर, ही बाटली विकणे किंवा पुन्हा वापरणे संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे, अशा अर्थाचे वाक्य उठावाच्या अक्षरांत घालणे बंधनकारक होते. यंत्राने जे साधले नाही ते रिकाम्या बाटलीचा व्यापारच बेकायदा ठरवून साधण्याचा हा प्रयत्न होता. त्यामागे ग्राहकाच्या आरोग्याइतकीच करवसुलीची चिंता होती, हे विसरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन सुधारणा झाल्या. बाटलीच्या मानेवर चढवून जागच्या जागी आटे पाडलेले ॲल्युमिनियमचे टोपण प्रचारात आले; ते फिरविताच खालची कडी तुटून मानेवर राहते. दुसरी सुधारणा प्लॅस्टिकमुळे शक्य झाली. इटलीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ग्वाला या कंपनीने मानेत पक्का बसणारा, झडप व अडसर असलेला प्लॅस्टिकचा ओतणीचा भाग प्रचारात आणण्यात पुढाकार घेतला. जुन्या गोळीच्या कल्पनेचेच हे रूप. मात्र साच्यातून काढलेले, स्वस्त आणि न मोडता बाहेर न निघणारे. पुढे या कंपनीने गोव्यातही आपले बस्तान बसविले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला मद्यविषयक धोरणाने धार आली. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. १९६० नंतरच्या दशकात ती शिथिल होत गेली व १९७३ मध्ये देशी दारूसंबंधीचे नियम झाले. बंदीच्या जागी जड उत्पादन शुल्क आले. शुल्कामुळे अस्सल बाटलीची किंमत आणि आतील द्रवाचा उत्पादनखर्च यांत मोठे अंतर पडते, आणि पुनर्भरणाचा नफा या अंतरातच असतो. गोव्यात शुल्क कमी असल्याने तेथील मद्य सिंधुदुर्ग व कोल्हापूर जिल्ह्यांतून चोरट्या मार्गाने आणून महागड्या नावाच्या बाटल्यांत भरण्याचे प्रकार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कारवायांत वारंवार उघडकीस आले आहेत. परदेशी व्हिस्कीची रिकामी बाटली टोपण व खोक्यासह असेल, तर भंगारात तिला अधिक दर मिळतो, तो यामुळेच. ओतणीचा भाग गरम पाण्यात मऊ करून उपसून काढणे आणि भरल्यावर परत दाबून बसविणे, हे काम करणारे कारागीरही तयार झाले. मिथेनॉल हे विष चवीवरून ओळखता येत नाही. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरांवर माणसे दगावली. ती दारू नामांकित बाटलीतील नव्हे, तर अवैध गुत्त्यांतील होती. परंतु असा द्रव विश्वासाच्या बाटलीत शिरल्यास काय होईल, याची कल्पना त्यावरून येते.

औषधांच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. अमेरिकेत शिकागो येथे १९८२ मध्ये वेदनाशामक औषधाच्या बाटल्यांत सायनाइड मिसळले जाऊन सात जण मृत्युमुखी पडले व त्याच वर्षी छेडछाडदर्शक वेष्टन तेथे सक्तीचे झाले. भारतात बनावट औषधाची व्याख्या १९८२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये जीवघेण्या बनावट औषधांसाठी देहान्ताच्या शिक्षेची शिफारस केली. २००८ च्या दुरुस्तीत किमान दहा वर्षांची व कमाल जन्मठेपेची शिक्षा ठेवण्यात आली.

लशीची कुपी ही पुनर्भरणाच्या दृष्टीने सर्वांत दुबळी बाटली म्हणावी लागेल. तिचे रबरी बूच सुई आत जावी आणि सुई काढल्यावर छिद्र आपोआप मिटावे यासाठीच बनविलेले असते. ज्या गुणामुळे औषध निर्जंतुक राहते, त्याच गुणामुळे कोणत्याही सिरिंजने कुपी पुन्हा भरता येते. बुचावरील ॲल्युमिनियमची कडी आणि तीवरील उडवून काढावयाची प्लॅस्टिकची चकती एवढीच काय ती खूण. आणि सुई टोचून घेणाऱ्याला ती चकती बहुधा पाहावयासच मिळत नाही. २०२१ मध्ये मुंबईत भरलेल्या नऊ बनावट लसीकरण शिबिरांत २,०५३ व्यक्ती फसल्याचे राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयास सांगितले. कुपीत लशीऐवजी सलाइन भरले असावे, असा पोलिसांचा संशय होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्ड लशीसंबंधी इशारा दिला. भारतात सापडलेल्या बनावट कुप्या २ मिलि. मापाच्या होत्या आणि संस्था त्या मापाच्या कुप्या पुरवीतच नव्हती. ती लबाडी मापामुळे उघड झाली. खऱ्या मापाच्या रिकाम्या कुप्या वापरल्या असत्या, तर वेष्टनावरून काहीच कळले नसते. म्हणून रिकाम्या कुप्यांची मोजदाद करून त्या नष्ट करणे हा लसीकरणाच्या कामाचा आवश्यक भाग ठरतो.

रिकामी बाटली नष्ट करण्याचा हाच उपाय पाण्याच्या बाटल्यांसाठीही सुचविला गेला. बिसलेरीचे पाणी मुंबईत १९६५ मध्ये प्रथम काचेच्या बाटल्यांतून आले. पुढे हलक्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रूढ झाल्या आणि रेल्वेस्थानकांवर त्या गोळा करून नळाच्या पाण्याने भरण्याचा उद्योग वाढला. वापरानंतर बाटली चुरगाळून टाकावी, अशी सूचना बाटल्यांवर छापलेली आढळते. २०१६ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर बाटल्या चुरडणारी यंत्रेही बसविण्यात आली.

काचेच्या बाबतीत मात्र फोडून टाकण्याचा उपाय इतका सरळ नाही. कचरा वेचणाऱ्यांच्या पुण्यातील संघटनेचे, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे, नावच या व्यवसायातील काचेचे स्थान सांगते. धायरीसारखी गावे २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. अशा वाढत्या उपनगरांतील घरांतून आणि खाणावळींतून निघणारी बाटली वेचणारा, भंगारवाला आणि बाटल्यांचा ठोक व्यापारी अशा हातांतून जाते. अखंड बाटली नगावर विकली जाते, तर फुटकी काच किलोवर आणि पुष्कळच कमी दराने. बिअरची बाटली धुऊन पुन्हा भरल्याने काच वितळविण्याचे इंधन वाचते, हा लाभही लहान नाही. साऱ्या बाटल्या फोडण्याचा आग्रह धरल्यास त्याची किंमत प्रथम वेचणाऱ्याच्या कमाईतून वजा होते. न फोडल्यास त्याच वाटेने चांगल्या बाटल्या लबाडी करणाऱ्याच्या हाती पडतात. महाग मद्याची व औषधाची बाटली फोडावी आणि सोडा-बिअरची परत घ्यावी, हा भेद वाजवी असला तरी भंगाराच्या दुकानात तो पाळला जाण्यास कोणाचेही आर्थिक हित कारणीभूत होत नाही. बाटली परत करणाऱ्यास उत्पादकाने पुरेशी अनामत दिली, तरच चित्र बदलू शकते. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकविषयक अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर परतीची किंमत छापण्याची तरतूद याच तत्त्वावर केलेली होती.

अलीकडे यांत्रिक रचनेच्या जोडीला संकेतचिन्हे आली आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ३०० औषध-नाममुद्रांच्या वेष्टनांवर पट्टी-संकेत किंवा क्यूआर संकेत घालणे सक्तीचे झाले. असा संकेत वेष्टनाची ओळख पटवितो, आतील द्रवाची नव्हे; खऱ्या बाटलीतील खोट्या मालाचीही तो खरी म्हणूनच ग्वाही देतो. त्यामुळे संकेत बाटलीच्या पोटावर न छापता टोपण उघडताना फाटणाऱ्या पट्टीवर छापणे किंवा एकदा तपासलेला संकेत पुन्हा तपासल्यास तशी नोंद मिळणे, अशा जोडण्या केल्या जातात.