२६ डिसेंबर : शर्यत सिडनी ते होबार्ट

१९४५ : सिडनीहून टास्मानियातील होबार्टकडे शिडाच्या नौकांची पहिली शर्यत सुटली. खरे तर काही हौशी दर्यावर्दींनी नाताळची सहल ठरवली होती. ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांनी सुचवले, शर्यतच लावू! ९ नौका निघाल्या. वादळात इलिंगवर्थ यांची ‘रानी’ दिसेनाशी झाली, ती बुडाल्याचीच धास्ती सर्वांना. आणि तीच ६ दिवस १४ तास २२ मिनिटांत पहिली आली! अंतर सुमारे ६२८ सागरी मैल. वाटेतली बास सामुद्रधुनी उथळ, त्यामुळे वाऱ्यात लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. १९९८च्या शर्यतीत वादळाने ६ खलाशांचा बळी घेतला, ५५ जणांना वाचवण्यात आले. पुढच्या वर्षी नौका पुन्हा निघाल्याच. शर्यत रद्द झाली ती २०२०मध्ये, कोविडमुळे.