टप नसलेली जुनी मोटार आणि खेळाचे अवजड साहित्य

मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोरजवळ सोडून पालघरकडे वळले की सूर्या नदीकाठचे मासवण लागते. पुढे वाघोबा खिंड ओलांडली की पालघर आणि तेथून केळवे, शिरगाव, चिंचणी, तारापूरचा किनारा गाठता येतो. सायकल, सर्फिंगची फळी किंवा छोटी कयाक घेऊन सुटीला बाहेर पडणाऱ्या मुंबईकरांसाठी हा परिसर जवळचा. मोठ्या गाडीच्या टपावर असे साहित्य बांधणे अवघड नसते. मात्र ज्यांची हौस जुन्या, दोन आसनी, कापडी हूड दुमडणाऱ्या मोटारीची आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो. सामान बांधायचे कोठे? कारण या गाड्यांना टपच नसतो.

अशा गाड्यांचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे १९६१ ते १९७९ या काळात ब्रिटनमध्ये तयार झालेली एमजी मिजेट. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, वजन सुमारे सातशे किलो. भारतातील उदाहरण द्यायचे तर १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉ कंपनीचे.

हूड आणि काचेवर भार नको

कापडी हूडचा सांगाडा केवळ कापड ताणून धरण्यापुरता असतो. समोरच्या काचेची चौकटही सामानाचा भार पेलण्यासाठी बनविलेली नसते. या दोहोंवर फळी आडवी टाकून दोरीने आवळल्यास काच तडकण्याची वा चौकट वाकण्याची भीती राहते. जुन्या मोटारींचे असे सुटे भाग परदेशातून मागवावे लागत असल्याने नुकसान महागात पडते.

निर्वात चकत्यांच्या आधाराने चिकटणारे कॅरिअर गुळगुळीत, पक्क्या रंगावरच भरवशाचे ठरतात. पुन्हा रंगविलेल्या किंवा आतून गंजलेल्या पत्र्यावर ते लावू नयेत. त्यामुळे उरते ती डिकी. डिकीच्या झाकणावर बसणारे नळ्यांचे कॅरिअर या गाड्यांसाठी पूर्वीपासून मिळत आले आहे. त्यावर किती वजन चालेल हे कॅरिअर बनविणाऱ्याने दिलेल्या मर्यादेवरून ठरवावे. फायबरग्लासच्या गाडीत आकड्यांचा ताण एकाच बिंदूवर येऊ नये, म्हणून खाली रबराची रुंद पट्टी घालणे आवश्यक आहे.

वजन कोठे आहे, यालाही महत्त्व

हलक्या गाडीत थोडे वजनही तोल बदलते. मिजेटच्या दोन आसांमधील अंतर सुमारे दोन मीटर आहे. मागील आसाच्या एक मीटर मागे ३० किलोंचे सामान टांगले, तर मागील चाकांवर सुमारे ४५ किलोंची भर पडते आणि पुढील चाकांवरचा भार १५ किलोंनी घटतो. स्टिअरिंग हलके लागते, वळणावर पुढची पकड कमी होते आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. खिंडीतील वळणांवर हा फरक जाणवतो. म्हणून जड वस्तू पायाशी किंवा शेजारच्या आसनावर आणि हलक्या वस्तू मागील कॅरिअरवर, असा क्रम ठेवावा. क्रिकेटचे किट शेजारच्या आसनावर ठेवल्यास त्यालाही पट्टा बांधावा.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. नायलॉनची दोरी भिजल्यावर ताणली जाते, त्यामुळे पॉलिएस्टरचे पट्टे वापरणे चांगले. महामार्गावरील प्रवासानंतर आणि खिंड चढण्यापूर्वी मासवणला थांबून पट्टे पुन्हा आवळता येतील.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीत अनुज्ञेय मर्यादेपलीकडे जाणारा भार नेल्यास वीस हजार रुपये दंड आणि सामान उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. साडेतीन मीटरच्या गाडीवर तीन-चार मीटरची कयाक बांधताना हे ध्यानात घ्यावे. नंबर प्लेट, मागील दिवे आणि आरसे झाकले जाता कामा नयेत. पत्र्याला भोके पाडून कायमचा सांगाडा बसविण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करावी. ट्रेलरचा विचार असल्यास त्याचीही नोंदणी लागते. शिवाय जुने ब्रेक आणि रेडिएटर तो भार सोसतील का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक बाब पाहावी. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार मूळ स्वरूपातील अशा दुचाकी व चारचाकींना 'व्हीए' ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. मात्र अशी गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती चालविण्यास मुभा आहे. म्हणजे दर रविवारी कयाक घेऊन केळव्याला जाण्यासाठी हा क्रमांक उपयोगाचा नाही. गाडी वापरायची की वारसा म्हणून जपायची, हे नोंदणीपूर्वीच ठरवावे लागते.

साहित्यच बदलावे

गाडीत बदल करण्यापेक्षा साहित्य निवडताना विचार करणे स्वस्त पडते. हवा भरून वापरावयाची छोटी कयाक साधारण दहा ते पंधरा किलोंची असते आणि घडी करून पिशवीत मावते. उभे राहून वल्हविण्याची फळीही हवेची मिळते. सायकलीची दोन्ही चाके काढली की तिची जागा बरीच कमी होते. घडीची सायकल तर शेजारच्या आसनासमोरही राहू शकते. मासेमारीची काठी दोन-तीन तुकड्यांत सुटणारी घ्यावी. पावणेतीन मीटरची अखंड फळी मात्र या गाड्यांसाठी नाहीच. ती दुसऱ्या वाहनाने पाठवावी किंवा किनाऱ्यावर भाड्याने मिळते का, याची आधी चौकशी करावी.

परतताना साहित्य गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करूनच गाडीत ठेवावे. खाऱ्या पाण्याचे थेंब गालिच्याखाली मुरले की फरशीचा पत्रा आतून गंजू लागतो, आणि जुन्या मोटारीत हे नुकसान बहुधा उशिरा लक्षात येते.