सोमनाथची मशीद आणि दोन शिळा

मध्ययुगातील व्यापार व धर्म यांचे नाते शोधू लागलो की मला सोमनाथचा इ. स. १२६४ चा शिलालेख आठवतो. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने तेथे मशीद बांधली. गझनीच्या महमूदाची स्वारी १०२६ ची. तिला अडीचशे वर्षेही झाली नव्हती. राज्य वाघेला अर्जुनदेवाचे. जमीन मिळाली ती स्थानिक पंचकुलाच्या संमतीने, आणि पंचकुलाचा प्रमुख होता पाशुपत आचार्य वीरभद्र!

संस्कृत लेख विश्वनाथाला वंदन करून सुरू होतो. हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ अशा चार कालगणना त्यात एकत्र नांदतात. व्यापाऱ्याला कोणतेच पंचांग वर्ज्य नसावे! तेलाचा घाणा व दोन दुकाने यांच्या उत्पन्नातून मशिदीचा खर्च चालवावा, उरेल ते मक्का-मदिनेस पाठवावे, अशी व्यवस्था त्यात आहे.

याच दानाचा अरबी लेख वाचताना मात्र मी थबकतो. सोमनाथ ही इस्लामची नगरी व्हावी, अशी आकांक्षा तेथे व्यक्त झाली आहे. संस्कृतात तिचा मागमूसही नाही. निव्वळ सलोखा सांगणारे आणि निव्वळ वैर सांगणारे, दोघेही एकेकच शिळा वाचतात. यांपैकी संस्कृत शिळा पुढे वेरावळात हर्षदमातेच्या देवळात आढळली.