कात्रजचं पाणी

"आपले पूर्वज किती शहाणे होते पाहा" अशा मथळ्याचा एक निरोप दर उन्हाळ्यात सगळ्या नातेवाइकांकडून फिरून फिरून येतो. त्यात कधी गडांवरची टाकी असतात, कधी कात्रजचा नळ. गडांचं राहू दे, पण कात्रजच्या नळाबद्दल जरा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. शहाणपण होतंच त्यात, पण गोष्ट तिथे संपत नाही.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुणं भराभर वाढत होतं. नवनव्या पेठा वसत होत्या, वाडे उठत होते. मुठा उशाशी होती खरी, पण नदी खाली आणि वस्ती वर. प्रत्येक घागर चढावरून आणायची. उलट दक्षिणेला कात्रजचे डोंगर गावापेक्षा उंच. तिथल्या ओढ्यांचं पाणी बांध घालून तळ्यांत साठवलं आणि जमिनीखालून दगडी बांधकामाच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. अंतर आठ-दहा किलोमीटर भरेल. मोट नाही, रहाट नाही, सगळा प्रवास निव्वळ उतारावर. नळ हा शब्द ऐकून लोखंडी पाइप डोळ्यांसमोर आणू नका बरं का! काही ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा तो मोठा आहे. अंतराअंतरावर हवा खेळायला आणि साफसफाईसाठी उच्छ्वास ठेवले. मध्ये खड्डे केले, म्हणजे गाळ तिथे बसावा आणि निवळलेलं पाणी पुढे जावं.

हे पाणी गावात ठिकठिकाणच्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही त्यातली काही नावं. शनिवारवाड्यातली कारंजीही याच पाण्यावर उडत. (पेशव्यांनी आधी कारंजी आणि मग गाव असा हिशेब केला असणार अशी मला दाट शंका आहे. असो.)

आता गंमत अशी, की हौदावरचं पाणी आपण होऊन घरात येत नाही. ते कुणीतरी काढायचं, डोक्या-कमरेवरून घरी न्यायचं. म्हणून काटकसर आपोआप होई. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, आंघोळीचं अळूच्या वाफ्याला. या काटकसरीचं आपण फार कौतुक करतो, पण ती उभी होती बायकांच्या आणि गड्यांच्या कमरेवर. निरोप पुढे ढकलणाऱ्या माझ्या काकांनी जन्मात एक कळशी उचललेली नाही!

आणि दुसरी गोष्ट त्याहून जड. हौद गावाचा, म्हणजे गावातल्या सगळ्यांचा नव्हे. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना सार्वजनिक पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, नाहीतर ताटकळायचं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या आधी एकोणसाठ वर्षं. पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना नानासाहेबांचा नळ पानभर येतो आणि हा हौद एका ओळीत उरकतात. मला तर तो नळाइतकाच मोठा वाटतो. साठवलेलं पाणी कुणाचं, हे कुणीतरी विचारलं आणि उत्तर स्वतःच्या अंगणातून दिलं.

१८७९ साली खडकवासल्याचं धरण पुरं झालं. पुढे घरोघर नळ आले, हौद मागे पडले. यात वाईट वाटण्यासारखं काहीच नाही. कळशा उतरल्या आणि तोटीला जात विचारता येत नाही. पण पाणी कुठून येतं हेही त्याबरोबर डोळ्यांआड झालं.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. निम्मं गाव पाण्यात आणि प्यायला पाणी नाही! तेव्हा विहिरी आणि हेच जुने हौद कामी आले. दोनशे वर्षांपूर्वीचा नळ तोवर वाहत होता.

तो पुढे निकामी झाला तो झिजून नव्हे. शहर कात्रजपर्यंत पोचलं, तळ्याच्या वर वस्त्या झाल्या आणि त्यांचं सांडपाणी तळ्यात उतरलं. त्याच बाजूने येणारा आंबील ओढा पेशव्यांनी पर्वतीजवळ वळवला होता. त्याच्या काठांवरही आपण भिंती आणि इमारती चढवल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला, घरं-गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी लोक विचारत होते, इथे ओढा होता का? शहाण्या पूर्वजांचे निरोप मात्र त्या आठवड्यातही थांबले नव्हते.

आता एक काम तुमच्यासाठी. पानशेतच्या वेळी पुण्यात असलेल्या आत्या, मावश्या, काकू अजून आपल्यात आहेत. पुरानंतर पाणी कुठल्या हौदावरून आणलं, किती खेपा घातल्या, आणि तिथे सगळे एकाच रांगेत होते का, हे त्यांना विचारा आणि मला कळवा. शेवटचा प्रश्न टाळू नका. लिहून ठेवायचं आहे.